संगणक रुसत नाही, कारण सांगतो

घरातला संगणक एखाद्या सकाळी सुरू झाला नाही की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काल शेवटी कोण बसले होते यावर?" उत्तरही बहुधा ठरलेलेच असते. घरातली मुलगी, नाहीतर धाकटा मुलगा. मग त्यांना बोलणी बसतात, संगणकावर कापड पडते आणि दुसऱ्या दिवशी तो रिक्षात घालून दुकानात नेला जातो. कोणी बिघडवला हे सगळे विचारतात. कशाने बिघडला हे कोणी विचारत नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, मोबाईल आज घरोघर पोहोचला हे खरे. परंतु महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणीची कागदपत्रे, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म, टायपिंगचा सराव ही कामे संगणकावर जितकी नीट होतात तितकी मोबाईलवर होत नाहीत. पै-पै जमवून जुना संगणक घेतलेल्या कुटुंबाचे किंवा अभ्यासिकेचे काम तो बंद पडला की अडते, आणि अर्जाची शेवटची तारीख काही थांबत नाही.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पेशाने कारकून. इंजिनिअर नव्हे. पण हिशेबाच्या कामात एक शिस्त अंगी बाणते. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी किर्द फाडून टाकत नाही. एकेक रक्कम ताडून पाहिली की चूक सापडते. संगणकालाही हीच रीत लागू पडते. बाहेरून आत जावे, बिनखर्चाचे आधी तपासावे आणि एका वेळी एकच बदल करावा.

पहिली पायरी विजेची. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये दुसरे काही लावून वीज येते का पाहावे. मग एक्स्टेन्शन बोर्ड, मग यूपीएस. यूपीएसची बॅटरी साधारण तीन-चार वर्षांत थकते. ती थकली की वीज जाताक्षणी संगणक बंद पडतो, आणि कधी कधी यूपीएस मुळीच सुरू होत नाही. अशा वेळी संगणकाची वायर थेट सॉकेटला लावून पाहावी. डब्याच्या पाठीमागेही बहुधा एक छोटे बटण असते. झाडलोट करताना ते दाबले गेले तर पुढचे बटण कितीही दाबून उपयोग नाही.

दुसरी पायरी पडद्याची. संगणक बंद आहे की नुसता मॉनिटर बंद आहे, हा फरक ओळखावा. डब्यातला पंखा फिरतो, दिवा लागतो आणि पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे येतात, तर मॉनिटर बहुधा ठीक आहे, त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही. दोन्हीकडची केबल काढून पुन्हा घट्ट बसवावी. पेनड्राइव्ह, प्रिंटर वगैरे सगळे काढून फक्त कीबोर्ड आणि माउस ठेवावा. विसरलेल्या पेनड्राइव्हवरूनच सुरू होण्याचा प्रयत्न काही संगणक करतात आणि तिथेच अडकतात.

तिसरी पायरी कान देण्याची. सुरू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो आणि दोष आढळला तर शिट्टीसारखा आवाज देतो. किती शिट्ट्यांचा काय अर्थ हे कंपनीगणिक बदलते, आणि काही संगणकांत हा आवाजच नसतो. पण शिट्टी पुन्हा पुन्हा वाजत राहिली तर संशय आधी रॅमवर घ्यावा.

आमच्या माजलगावात तर तो घ्यावाच. इथला उन्हाळा कडक, धूळ भरपूर, त्यात कापसाच्या हंगामात बारीक तंतू हवेत असतात. हे सारे पंख्याच्या वाटे आत जाऊन बसते. रॅमच्या पट्टीवरील सोनेरी दातांवर मळ चढला की वीज नीट पोहोचत नाही. आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेचा संगणक असाच बंद पडला, तेव्हा एका दुकानदाराने मदरबोर्ड गेल्याचे सांगून चार हजारांचा अंदाज दिला होता. बारावीत शिकणाऱ्या एका मुलाने रॅम काढून साध्या खोडरबराने पुसली आणि परत बसवली. संगणक सुरू झाला. खर्च झाला तो खोडरबराचा.

हे काम घरी करता येते, पण पद्धतीने करावे. वायर सॉकेटमधून पूर्ण काढावी. मग सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. डब्याच्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी. धूळ मऊ ब्रशने झाडावी, ओले फडके लावू नये. रॅमच्या कडेच्या खिट्ट्या उघडून पट्टी काढावी, दात हलक्या हाताने पुसावेत, खोडरबराचा चुरा झटकावा आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी.

एक गोष्ट मात्र करू नये. एसएमपीएस, म्हणजे सॉकेटमधली २३० व्होल्टची वीज संगणकाला लागणाऱ्या १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणारी पेटी, घरी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्यात जीवघेणा झटका देण्याइतकी वीज राहू शकते. बटण दाबूनही पंखा, दिवा काहीच हलत नसेल तर दोष तिथे असण्याचा संभव मोठा. ती दुकानात बदलून घ्यावी.

कधी संगणक सुरू होतो, पण तारीख जुन्या कुठल्या तरी वर्षाची दाखवतो. मग संकेतस्थळे 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतात आणि अर्ज उघडत नाही. लोकांना वाटते व्हायरस आला. खरे कारण मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल असतो. त्याचे नाव सीआर २०३२, तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवण्याचे काम तो करतो. काही वर्षांनी तो संपतो आणि चहा-नाश्त्याच्या खर्चात नवा मिळतो.

आता राहिली शेवटची अडचण. सगळे दिवे लागतात, पण विंडोज पूर्ण उघडत नाही, गोल फिरत राहते किंवा निळा पडदा येतो. इथे दुकानदार बहुधा म्हणतो, "फॉर्मॅट मारावे लागेल." थांबावे. जुन्या विंडोज ७ मध्ये सुरुवातीलाच एफ ८ हे बटण वारंवार दाबल्यास 'सेफ मोड' मिळतो. विंडोज १० आणि ११ मध्ये दोन-तीनदा सुरू होणे फसले की दुरुस्तीचा पडदा बहुधा आपोआप येतो. 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'सेफ मोड' दोन्ही त्यात सापडतात. आधी ते करून पाहावे.

सगळ्या जगाला हा धडा १९ जुलै २०२४ रोजी मिळाला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमाने रखडली, आपल्या देशात काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. आणि उपाय काय निघाला? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढून टाकणे. लोकांची कागदपत्रे जागच्या जागी सुरक्षित होती. त्या दिवशी जगाने घाईने फॉर्मॅट मारले असते तर केवढे नुकसान झाले असते!

म्हणून दुकानात गेल्यावर तीन गोष्टी न लाजता बोलाव्यात. एक, आधी माझ्या फाइलींची नक्कल काढा. विंडोज उघडत नसले तरी हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून नक्कल निघते. मात्र हार्डडिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करावा, प्रत्येक वेळी चालू करण्याने नुकसान वाढते. दोन, बदललेला जुना भाग मला परत द्या. तीन, पावती द्या. प्रामाणिक कारागिराला याचा राग येत नाही.

आणि घरी एक साधी वही ठेवावी. तारीख, काय दिसले, काय केले, किती खर्च आला. दाखले, गुणपत्रिका, प्रमाणपत्रे यांची एक नक्कल पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी असावी. डबा बाजारात परत मिळतो. आजोबांच्या नावाचा स्कॅन केलेला १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला, ज्यावर नातीचे जातवैधता प्रमाणपत्र अवलंबून आहे, तो शोधायला पुन्हा किती कचेऱ्या पालथ्या घालाव्या लागतील, याचा विचार करावा.

ही वही घरातल्या मुलीच्या हाती द्यावी. बिघाडाचा दोष जिच्यावर येतो, तिलाच त्याचे कारण शोधायला शिकवावे. पुढच्या वेळी संगणक अडला तर सगळ्या घराने तिलाच हाक मारावी.