संकेतस्थळांचे भाडेकरू वाऱ्यावर

संकेतस्थळ अचानक बंद पडते, तेव्हा त्याच्या मालकाला आपण प्रत्यक्षात भाडेकरू असल्याची जाणीव होते. मजकूर, छायाचित्रे, ग्राहकांच्या मागण्या, ई-पत्रव्यवहार हे सारे दुसऱ्याच्याच सर्व्हरवर असते. ती जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीशी संपर्क उरतो तो चॅटच्या चौकटीपुरता. तक्रार वरिष्ठांकडे पाठविली आहे, एवढेच उत्तर तेथे मिळते. ते वरिष्ठ कोण, ते केव्हा बोलतील, हे सांगणारे कोणी नसते. या मनस्तापाचे खापर चॅटवर बसलेल्या कर्मचाऱ्याच्या माथी फोडणे सोपे आहे. दुखण्याचे मूळ मात्र या व्यवसायाच्या रचनेतच आहे.

होस्टिंग ही अशी सेवा आहे की, तिचा दर्जा खरेदीच्या वेळी कळत नाही. सर्व्हर सुरळीत चालत असेपर्यंत चांगली आणि वाईट कंपनी सारखीच भासते. त्यामुळे ग्राहक किंमत पाहून निवड करतो आणि कंपन्याही किमतीवरच झुंजतात. पहिल्या वर्षाचा दर नाममात्र असतो. नूतनीकरणाच्या वेळी तो कित्येक पट होतो. ‘अमर्याद’ जागेचे आश्वासन ठळक अक्षरांत असते, तर ‘वाजवी वापरा’ची मर्यादा नियमावलीच्या तळाशी. एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे बसविल्याशिवाय हा स्वस्ताईचा हिशेब जुळत नाही. मग काटकसरीची पहिली कुऱ्हाड जाणकार तंत्रज्ञांवर पडते. पडताळणीची ठरावीक उत्तरे देणारा कर्मचारी त्यांच्यापेक्षा स्वस्त पडतो.

एक कंपनी नको म्हणून दुसरी गाठावी, तर तोही पर्याय अनेकदा दिखाऊ ठरतो. अमेरिकेतील एन्ड्युरन्स इंटरनॅशनल ग्रुप या कंपनीने ब्ल्यूहोस्ट, होस्टगेटर यांसारखे परस्परांचे स्पर्धक वाटणारे अनेक ब्रँड एकामागून एक विकत घेतले. २ ऑगस्ट २०१३ रोजी युटा राज्यातील प्रोव्हो येथील डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला. वेगवेगळ्या नावांच्या या कंपन्यांचे ग्राहक तेव्हा एकाच वेळी अडचणीत आले आणि पाट्या निरनिराळ्या असल्या तरी घर एकच असल्याचे उघड झाले. २०१४ मध्ये मुंबईच्या डायरेक्टी समूहाकडील बिगरॉक आणि रिसेलरक्लब हे ब्रँडही या समूहाने घेतले. अशा रीतीने महाराष्ट्रातील अनेक ग्राहकही त्याच छताखाली आले. २०२१ मध्ये समूहाचे वेब डॉट कॉमशी एकत्रीकरण होऊन न्यूफोल्ड डिजिटल ही कंपनी अस्तित्वात आली.

अशा समूहाचे मोल शेअर बाजारात ग्राहकसंख्येवरून ठरते, ग्राहकांच्या समाधानावरून नव्हे. ग्राहकसंख्या फुगवून सांगितल्याच्या आरोपावरून अमेरिकी रोखे आयोगाने केलेल्या कारवाईत २०१८ मध्ये एन्ड्युरन्सने ८० लाख डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. आरोप मान्य किंवा अमान्य न करता झालेली ही तडजोड होती. तरीही बाजाराचे लक्ष कोठे असते, याची साक्ष त्यातून मिळते.

करारनाम्यांची भाषाही एकतर्फी असते. ९९.९ टक्के उपलब्धतेची हमी ऐकायला भारदस्त वाटते. पण तिच्यात महिन्याला सुमारे ४३ मिनिटे आणि वर्षाला पावणेनऊ तास बंद राहण्याची मुभा असते. त्याहून अधिक काळ सेवा खंडित झाली, तरी भरपाई बहुधा भाड्याच्या प्रमाणात मिळते. वार्षिक ३,००० रुपये भरणाऱ्या दुकानदाराचे संकेतस्थळ दिवाळीच्या खरेदीत एक दिवस बंद राहिले, तर या हिशेबाने त्याला मिळतील ते आठ रुपये. बुडालेल्या धंद्याची जबाबदारी करारातच झटकलेली असते.

सर्वांत मोठी गफलत बॅकअपबाबत होते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक पाचमजली इमारत जळून खाक झाली. आपापली आपत्कालीन योजना अमलात आणावी, असे आवाहन कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांना केले. अनेक लहान ग्राहकांकडे अशी योजनाच नव्हती. बॅकअपसाठी वेगळे पैसे मोजलेल्या एका ग्राहक कंपनीच्या प्रतीही मूळ माहितीबरोबरच नष्ट झाल्या, कारण त्या त्याच ठिकाणी ठेवलेल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेले. प्रती मूळ यंत्रणेपासून अलग ठेवण्याचे बंधन कंपनीने पाळले नाही, असा निष्कर्ष लीलच्या व्यापारी न्यायालयाने २०२३ मध्ये काढला आणि दैवी आपत्तीचा बचाव फेटाळला.

भारतीय ग्राहकाच्या हाती कायद्याचे शस्त्र आहे. ग्राहक संरक्षण (ई-व्यापार) नियम, २०२० नुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिनाभरात तिचे निवारण करावे, असे बंधन आहे. भारतीय ग्राहकांना नियमितपणे सेवा विकणाऱ्या परदेशी कंपन्याही या नियमांच्या कक्षेत येतात. सदस्यत्व सहज रद्द करता येऊ नये अशी रचना करणे किंवा ग्राहकाच्या संमतीविना जादा सेवा बिलात घुसडणे, या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रतिबंध केला. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागण्याची सोयही दिली. यातील खाचखळगा असा की, व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांना त्यातून सूट आहे. त्यामुळे एकट्याने व्यवसाय करणारा छायाचित्रकार दाद मागू शकेल. मध्यम उद्योजकाला मात्र दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागेल.

कायद्याची वाट लांबची आहे. कंपनी सोडून जाण्याची क्षमता हेच ग्राहकाचे खरे बळ होय आणि नेमके तेच तो पहिल्या दिवशी गमावून बसतो. डोमेन नाव, होस्टिंग आणि बॅकअप तिन्ही एकाच कंपनीकडे सोपविली की, बिघाडाच्या वेळी त्याच्या हाती काहीच उरत नाही. आपल्याकडे तर संकेतस्थळ बनवून देणारा कारागीर डोमेनची नोंद स्वतःच्याच नावावर करतो आणि संस्थेला त्याचा पत्ताही नसतो. डॉट कॉमसारख्या नावांबाबत आयकॅन या जागतिक संस्थेचा नियम स्पष्ट आहे : नोंदणीधारकाने मागणी केल्यावर स्थलांतराचा संकेतांक पाच दिवसांत मिळायला हवा. मात्र हा अधिकार ज्याच्या नावे नोंद आहे त्याचा. ज्याने पैसे मोजले, तो या नियमाच्या दृष्टीने परकाच.

घर भाड्याने घेताना करार वाचला जातो आणि मौल्यवान चीजवस्तू घरमालकाच्या कपाटात ठेवली जात नाही. एवढी साधी व्यवहारबुद्धी या नव्या भाडेकरारातही हवी. डोमेन स्वतःच्या नावावर, शक्यतो वेगळ्या कंपनीकडे असावे. माहितीची ताजी प्रत स्वतःपाशी असावी. आणि नूतनीकरणाचा दर आधीच विचारलेला असावा. ग्राहक सहज निघून जाऊ शकतो, हे कंपनीला ठाऊक असेल तरच चॅटच्या पलीकडे जाणकार माणूस बसविणे तिला परवडू लागेल.