टॅन उतरतो, पण...

वीकेंडला अलिबागच्या बीचवर लोळून आलात? मस्त! पण तेवढ्या वेळात त्वचेतल्या डीएनएची पार वाट लागलेली असते, बरं का. उन्हातले अतिनील किरण डीएनएमधली शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून टाकतात. मग पेशीला तो मजकूर नीट वाचताच येत नाही.

सुदैवाने पेशीकडे स्वतःची मेंटेनन्स टीम असते. काही प्रोटीन्स बिघाड हुडकतात, दोन्ही बाजूंनी कात्री चालवून साधारण ३० अक्षरांचा तुकडाच काढून टाकतात आणि समोरच्या धाग्यावर बघून नवा भरतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या अझीझ सान्जार यांना २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल विभागून मिळालं.

ही टीमच जन्मतः अधू असेल तर? ‘झेरोडर्मा पिगमेंटोसम’ या दुर्मिळ आजारात नेमकं हेच होतं. या मुलांना साधं ऊनही बाधतं, त्वचेचा कॅन्सर लहानपणीच गाठू शकतो.

आपली टीम धडधाकट आहे. पण एखादी चूक तिच्याही नजरेतून सुटते आणि कायमची राहते. सावळा रंग थोडंफार वाचवतो, सगळं नाही. तेव्हा पुढच्या वेळी सनस्क्रीन, टोपी आणि दुपारी सावली. टीमवरचा लोड तेवढाच कमी!