पोर्ट उघडा म्हणे!

‘राउटरमध्ये जायचं, पोर्ट फॉरवर्ड करायचा, झालं काम.’ हा सल्ला फुकट वाटत फिरणाऱ्याला एकदा धरून माझ्या गावी, चुडाव्याला आणावं आणि माझ्या राउटरसमोर बसवावं, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. कर म्हणावं फॉरवर्ड. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाक, राउटरच्या बुडाला चिकटवलेला पासवर्ड घाल, ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ नावाचं पान शोध, पोर्टचा आकडा लिही, खाली कॉम्प्युटरचा पत्ता लिही, सेव्ह दाब. राउटर हिरव्या अक्षरांत ‘सक्सेस’ म्हणून सांगेल. मग बाहेरून पोर्ट तपास. उत्तर येईल: बंद.

यात दोष बोटांचा नाही आणि बिचाऱ्या राउटरचाही नाही. घराचं दार सताड उघडं आहे, पण गावाची वेस बंद आहे. आणि वेशीवर जो बसलाय त्याला कोणाचं घर कोणतं हेच ठाऊक नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीने एका सार्वजनिक आयपी पत्त्यामागे अनेक घरं कोंबून ठेवलेली असतात. या प्रकाराला सीजीनॅट म्हणतात. मी आतून काही मागितलं की मागणी बाहेर जाते आणि तिचं उत्तर बरोबर परत येतं. पण बाहेरच्या कोणी आपणहून मला हाक मारली, तर ती हाक कंपनीच्या यंत्रापाशीच मरते. माझ्या राउटरपर्यंत काही पोचलंच नाही, तर तो पुढे फॉरवर्ड काय करणार, कपाळ?

पोर्ट मला हवाय तो फाइल शेअरिंगसाठी, हे ऐकून काही सज्जनांच्या भुवया वर गेल्या असतील. फाइल शेअरिंग म्हणजे सिनेमे चोरायचा धंदा, असा त्यांचा पक्का समज. चोरी करणारे करतात, त्यांची वकिली मला करायची नाही. पण बिटटोरेंट हा प्रकार ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये काढला तो मोठ्या फायली तुकड्यातुकड्यांनी एकमेकांना देता याव्यात म्हणून. लिनक्सच्या कित्येक आवृत्त्या आजही अधिकृतपणे त्याच वाटेने मिळतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१२ पासून आपला साठा टोरेंटने द्यायला सुरुवात केली. आणि माझी गरज तर याहून साधी आहे. गावात सप्ताह बसतो. त्याच्या कीर्तनांचं चित्रीकरण माझ्या कॉम्प्युटरवर आहे. पोटापाण्यासाठी पुण्याला, वाळूजला गेलेल्या पोरांना ते पाहिजे असतं. कीर्तनकार आमचे, टाळकरी आमचे, कॅमेरा आमचा. यात कोणाच्या बापाचं काय गेलं?

हा माल समजा ५० जीबी भरला. व्हॉट्सॲपवर एका फायलीला २ जीबीची मर्यादा, आणि व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून बारीक होतो. बुवांचा चेहरा आणि मागचा फेटेवाला एकाच रंगाचा दिसायला लागतो. गूगल ड्राइव्हवर फुकट जागा १५ जीबी, तीही ईमेल आणि फोटो धरून. अपलोडचा वेग १० एमबीपीएस धरला तर ५० जीबी वर चढायला अकरा तास लागतात, आणि चुडाव्यात अकरा तास सलग वीज राहील अशी पैज मी तरी लावणार नाही. टोरेंटचा फायदा नेमका इथे आहे. वीज गेली, आली, की जिथे थांबलं तिथून पुढे सुरू. प्रत्येक तुकडा तपासून घेतला जातो, खराब निघाला तर तेवढाच पुन्हा मागवला जातो. एकाकडे काही तुकडे पोचले की तो ते दुसऱ्याला देऊ लागतो, माझ्या एकट्याच्या लाइनवर भार राहत नाही. खेड्यातल्या विजेचा विचार करून कोणी मुद्दाम बनवावं असं हे साधन. आणि ते खेड्यातच चालत नाही. कारण मी सीजीनॅटच्या मागे, वाळूजचा पोरगाही सीजीनॅटच्या मागे. दोघेही हाक मारू शकतात, हाक घेऊ कोणीच शकत नाही. फाइल शेअरिंगचा जुना ईम्यूल प्रोग्राम वापरलेल्यांना ‘लो आयडी’ आठवत असेल, तोच हा रोग. असल्या अडचणीतून चोरवाटा काढायच्या युक्त्या आहेत, त्या कधी लागतात, कधी नाही. तोवर पेन ड्राइव्ह खिशात घालून माणूस पॅसेंजरने नांदेडला जाऊन परत येतो.

पत्ते संपले, हे मला मान्य आहे. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत सगळे मिळून पत्ते ४२९ कोटी. जगाचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्ये रिकामा झाला आणि आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था त्याच एप्रिलमध्ये शेवटच्या डब्यापर्यंत आली. वाटपाच्या वेळी आपण पंगतीत उशिरा बसलो. अमेरिकेतल्या एकट्या एमआयटीकडे १ कोटी ६७ लाख पत्त्यांचा अख्खा गठ्ठा होता. विद्यापीठाला एवढे पत्ते लागत नव्हतेच, म्हणून २०१७ मध्ये त्यातला मोठा वाटा त्यांनी विकायला काढला. नव्वद कोटींवर इंटरनेट जोडण्या असलेल्या आपल्या देशात घरटी एक पत्ता निघणार नाही, हे दुसरीतलं पोरही सांगेल. एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवायची नॅटची युक्ती १९९४ मध्ये कागदावर आली तेव्हा ती मांडणाऱ्यांनीच तिला अल्पकाळाची सोय म्हटलं होतं. एप्रिल २०१२ मध्ये कंपन्यांच्या या आतल्या कारभारासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते वेगळे काढून दिले गेले. तात्पुरत्या सोयीचं आपल्याकडे काय होतं, हे मी मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको.

माझा राग टंचाईवर नाही. टंचाई लपवण्यावर आहे.

जोडणी घेताना मला एमबीपीएस सांगितले, ओटीटीची यादी सांगितली, सहा महिन्यांचे एकदम भरले तर काय सूट मिळेल ते सांगितलं. तुम्हाला स्वतःचा पत्ता मिळणार नाही, बाहेरून तुमच्यापर्यंत कोणी पोचू शकणार नाही, हे कोणी सांगितलं नाही आणि पावतीवरही कुठे छापलेलं नाही. कंपनीचं नाव इथे घेत नाही. रीत बहुतेकांची हीच. तक्रार केली तर फोनवरची बाई म्हणाली, “सर, आमच्याकडून पोर्ट ओपनच आहे, राउटर एकदा बंद करून चालू करा.” वायर जोडायला येणारा पोरगा तरी निदान खरं बोलला.

“काका, यूट्यूब चालतंय ना?”

“चालतंय.”

“मंग आजून काय पायजे तुमाला?”

पोराचं काही चुकलं नाही. त्याला जे शिकवलं तेच तो बोलला. गिऱ्हाइकाने बघावं, खावं, पैसे भरावेत. त्याच्याकडे देण्यासारखं काही असेल, ही शक्यताच या धंद्याच्या हिशेबात धरलेली नाही. फार डोकं खाल्लं की मग हळूच सांगतात: स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे पैसे वेगळे. म्हणजे वस्तू संपलेली नसते, फक्त दुकानाच्या आतल्या खोलीत ठेवलेली असते.

सरकारची नजरही या पोरासारखीच. ब्रॉडबँड कशाला म्हणावं याची व्याख्या जानेवारी २०२३ मध्ये बदलली. आधी ५१२ केबीपीएस होती, ती किमान २ एमबीपीएस केली. कसली? डाउनलोडची. गावोगाव फायबर न्यायची योजना २०११ ला मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, अडीच लाख ग्रामपंचायतींचा आकडा भाषणांत घासून गुळगुळीत झाला. त्या फायबरच्या टोकाला बसलेल्या माणसाने काही बाहेर पाठवायचं म्हटलं तर काय, यावर चकार शब्द नाही.

आता दुसऱ्या टोळीकडे वळू. कंपनी तोंड उघडत नाही, म्हणून रिकाम्या जागेत हे सल्लागार शिरतात. पोर्ट उघडत नाही? फायरवॉल बंद कर. तरी नाही? कॉम्प्युटर डीएमझेडमध्ये टाक. तरी नाही? राउटर बदल. यातला कोणीही आधी हे विचारत नाही की बाबा, तुझा पत्ता सार्वजनिक आहे का. आणि ज्याचा खरोखर सार्वजनिक असतो, त्याचं तर हे वाटोळंच करतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरचे राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून. ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेने साइट्सचे पत्ते सांगणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटरसारख्या मोठ्या साइट्स कित्येक तास कोलमडल्या. ‘ॲडमिन, ॲडमिन’ ठेवून सगळं सताड उघडायला सांगणारा माणूस मदत करत नसतो, तो खड्डा खणत असतो.

तर हे आधी करा. राउटरच्या स्टेटस पानावर ‘वॅन आयपी’ म्हणून आकडा असतो तो लिहून घ्या. मग ‘माझा आयपी काय’ हे सांगणाऱ्या कुठल्याही साइटवर दिसणारा आकडा शेजारी लिहा. जुळले तर पुढे चला. जुळले नाहीत आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तिथेच थांबा, पुढचे सगळे उपद्व्याप फुकट आहेत. १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर आणखी एक शक्यता तपासून घ्या: कंपनीने भिंतीवर बसवलेला फायबरचा डबा स्वतःच राउटरगिरी करतोय आणि तुमचा राउटर त्याच्या मागे दुसरा लागलाय. तो डबा ब्रिज मोडमध्ये टाकून द्या म्हणावं. हे काम फोनवरूनही होतं, फक्त त्यांना करायचं असलं पाहिजे.

आकडे जुळलेल्या भाग्यवानांची दुखणी किरकोळ असतात. सॉफ्टवेअर दर वेळी नवा पोर्ट निवडत असेल तर तो पर्याय काढून एकच आकडा ठरवा. कॉम्प्युटरचा आतला पत्ता राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलतो आणि तुमचा फॉरवर्ड घरच्या टीव्हीकडे बोट दाखवत बसतो. टीसीपी आणि यूडीपी दोन्हींवर टिक करा. विंडोजची फायरवॉल बंद करायची गरज नाही, त्या एका सॉफ्टवेअरला परवानगी द्या. तपासताना सॉफ्टवेअर चालू ठेवा, कारण ऐकणारं कोणी नसेल तर उघडा पोर्टही बंदच दिसतो. आणि तपासा ते बाहेरून, मोबाइलचं वायफाय बंद करून. काही राउटर घरातल्या घरात मारलेली हाक ओळखत नाहीत.

खरा इलाज आयपीची सहावी आवृत्ती. तिच्यात पत्त्यांची टंचाईच नाही, फॉरवर्ड करायचा प्रश्नच उरत नाही, फायरवॉलमध्ये एक वाट ठेवली की झालं. दूरसंचार विभागाचा पहिला आराखडा जुलै २०१० चा, दुसरा मार्च २०१३ चा. गूगलच्या मोजणीत या बाबतीत भारत जगात पुढच्या रांगेत आहे, पण त्यात मोठा वाटा मोबाइलचा. घरच्या जोडणीत कुठे ती बंदच ठेवलेली असते, कुठे राउटरमध्ये ती वाट ठेवायचं पानच नसतं. आणि ती दोन्ही टोकांना लागते, हे वेगळंच.

एका पत्त्यामागे गाव कोंबण्याची आणखी एक गंमत. आमच्या चुडाव्यात पोलीस ठाणं आहे. उद्या त्या पत्त्यावरून कोणी फसवणूक केली, तर पत्त्यावरून एकटा माणूस सापडत नाही. नेमकी वेळ आणि पोर्टचा आकडा असल्याशिवाय सगळे सारखेच संशयित. युरोपच्या पोलिसांच्या युरोपोल या संस्थेने २०१७ मध्ये याच कारणासाठी सीजीनॅटविरुद्ध जाहीर ओरड केली होती. म्हणजे पोर्ट माझा उघडत नाही, पण बालंट मात्र वाटून मिळू शकतं.

म्हणून वाचकहो, पुढचं रिचार्ज मारण्याआधी कंपनीला लेखी विचारा, ईमेलवर, फोनवर नको. माझा पत्ता सार्वजनिक आहे की वाटलेला? अपलोडचा वेग किती? सहावी आवृत्ती चालू आहे का, आणि तिच्यावरून बाहेरचा माझ्यापर्यंत येऊ शकतो का? डबा ब्रिजमध्ये टाकून देणार का? स्टॅटिक आयपीचे किती? उत्तर आलं तर जपून ठेवा. आलं नाही तर दूरसंचार कंपन्यांना नेमून दिलेली अपील करायची पायरी असते, तिथे हेच प्रश्न जसेच्या तसे लावा.