नोंद बाळाला शोधण्यासाठी हवी, गाळण्यासाठी नव्हे

अंगणवाडीच्या रजिस्टरची जागा २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ घेत आहे. आमचा या ॲपला विरोध नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. देशपातळीवर हे प्रमाण दलित-आदिवासी मुलांत सवर्णांपेक्षा जास्त आहे, हेही तेच सर्वेक्षण सांगते.

बीडचे ऊसतोड कुटुंब हंगामात पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जाते. बाळाच्या वजन-उंचीची नोंद त्याच्यामागे फडापर्यंत पोचली, तर तिथली अंगणवाडी त्याला लगेच ओळखेल. तंत्रज्ञानाचा खरा उपयोग हा आहे.

पण सरकारने काय केले? १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी सक्तीची केली. आईचा चेहरा जुळला नाही, ओटीपी आला नाही, रेंज गेली, तर उपाशी कोण राहणार? बाळ! अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार हा आहार हक्क आहे, मेहेरबानी नाही. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच बजावले आहे. चोरी रोखायचीच असेल तर कंत्राटदाराचा पुरवठा तपासा. गरीब आईला चोर का ठरवता?

आमची मागणी साधी आहे: आधी आहार, मग पडताळणी. आणि कुपोषणाचे आकडे वस्तीनिहाय, जातनिहाय जाहीर करा.

तरुणांनो, आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत जा. किती बाळांचा आहार अडला ते विचारा, यादी करा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याला लेखी जाब विचारा.

जय भीम!