मूठभर माती घेऊन या!

नायट्रोजन चक्र आठवतंय? हो, तेच. बाणच बाण असलेली आकृती! परवा माझ्या भाचीच्या वहीत ती जशीच्या तशी भेटली. बाण सगळे पाठ. ‘पण हे दिसतं कुठे?’ हा तिचा प्रश्न मात्र सॉलिड होता.

दिसतं ना! काजवे बघायला आपण भंडारदऱ्याला जातो, त्याच अकोले तालुक्यात दिसतं. अहिल्यानगर, म्हणजे आपल्या जुन्या नगर जिल्ह्यातला हा तालुका. तिथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. पण गावरान बियाणं जपत त्यांनी बायफ संस्थेच्या साथीनं बियाणे बँक उभी केली. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत नाव आलं, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या संग्रहात वालाचे कितीतरी प्रकार आहेत आणि आपलं चक्र वालातच लपलंय.

पुढच्या ट्रिपला वाल-घेवडा पिकलेल्या शेतातली मूठभर माती मागून आणा. कुंडीतल्या मातीत ती मिसळा आणि मुलांना वाल पेरू द्या. शेतातलीच माती का? तर गाठी धरणारे जिवाणू तिच्यात असतात. दीड-दोन महिन्यांनी एक रोप अलगद उपटायचं. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एक नखानं फोडा. आतून गुलाबी निघाली, तर समजा जिवाणू हवेतला नायट्रोजन पकडून रोपाला देतायत. वहीतला एक बाण हातात आला की नाही?

आता दुसरा बाण. पारदर्शक बाटली कापा, तळाला भोकं पाडा. माती, सुकी पानं, भाजीची सालं असे थर द्या आणि वेफर्सच्या पाकिटाचा एक तुकडा टाका. माती ओलसर ठेवा, चिखल नको. वास सुटला तर सुकी पानं वाढवा. हळूहळू सालं ओळखू येईनाशी होतात, पाकीट तस्संच! तयार खत वालाच्या कुंडीत गेलं की चक्र पूर्ण.

आपल्या घरात मात्र ते अर्ध्यावरच तुटतं. भाजी शेतातून येते, सालं कचरा डेपोत जातात. त्या मातीतलं सत्त्व परत जात नाही, मग शेतकरी युरियाची गोणी विकत आणतो. हे गणित मुलांच्या लगेच लक्षात येतं. मग ती विचारतात, ‘आपली सालं कुठे जातात?’

उत्तर तयार ठेवा, बॉस!