‘ग्राम्य’ काय, विनोद की माणूस?

२०२५ च्या फेब्रुवारीत यूट्यूबवरील ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या कार्यक्रमातील एका विधानावरून देशभर गदारोळ उठला. गुन्हे नोंदले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. त्या वादात ‘अश्लील’ हा शब्द मुक्तहस्ते वापरला गेला. त्याचा नेमका अर्थ काय, हे विचारण्याची निकड मात्र फारशा कोणाला भासली नाही.

शब्दांचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. चावट विनोदाला इंग्रजीत ‘रिबाल्ड’ असे विशेषण आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि आरंभी तो विनोदाचे नव्हे, माणसांचे नाव होता. सैन्याच्या मागून फिरणारे, हलकी कामे करणारे, लुटीवर जगणारे लोक या नावाने ओळखले जात. १२०९ मध्ये दक्षिण फ्रान्समधील बेझिए शहरावर प्रथम तुटून पडले ते हेच. अशा माणसाच्या तोंडची भाषा ती ‘रिबाल्ड’, हा अर्थ पुढे रूढ झाला. ‘व्हल्गर’ या शब्दाच्या मुळाशीही सामान्य जनसमूहच आहे. आपला ‘ग्राम्य’ शब्द याच वाटेने गेला. गावाचे ते ग्राम्य, आणि ग्राम्य ते हीन! वस्तुतः अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त ग्राम्य आणि अश्लील हे दोन वेगळे दोष मानले होते. अश्लीलाचे त्याने व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे तीन प्रकारही केले. शास्त्रकाराने राखलेला हा भेद व्यवहाराने पुसून टाकला.

कायद्यानेही या गोंधळात भरच घातली आहे. सार्वजनिक स्थळी इतरांना त्रास होईल असे अश्लील गाणे म्हणणे हा दंडसंहितेच्या कलम २९४ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ नुसार तो तसाच कायम आहे. अश्लील म्हणजे काय, हे दोन्ही कलमे सांगत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८६८ ची इंग्रजी कसोटी बाजूस सारून समकालीन समाजाचे मानदंड ग्राह्य धरले, हे योग्यच झाले. तथापि, समाज म्हणजे कोणता समाज, हा प्रश्न उरतोच.

उमरेड परिसरातील गावांत दिवाळीनंतर मंडई भरते आणि रात्री खडीगंमत रंगते. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने शाहीर सवालजवाब करतात, स्त्रीवेषातील नाच्या ठुमकतो आणि द्व्यर्थी बोलांवर हशा पिकतो. त्या थट्टेत सावकार, पाटील, पुढारी कोणी सुटत नाही. धानाच्या कापणीने थकलेल्या माणसाला हे मोकळे हसू हवे असते. शहरी प्रेक्षकाच्या कानाला ते ग्राम्य वाटते, आणि गावचे असल्यामुळे ते ग्राम्य आहेच. पण तेवढ्याने ते अश्लील ठरत नाही.

अर्थात, लोककलेचे नाव घेऊन सर्वच क्षम्य मानता येणार नाही. पुरुषांनी पुरुषांसाठी रचलेल्या या विनोदात स्त्रीच्या देहाची आणि दुर्बळांच्या व्यंगाची टवाळी पुष्कळदा झाली आहे. म्हणूनच कसोटी शब्दाच्या उघडेपणाची नको, तर तो शब्द कोणावर रोखला आहे याची हवी. सत्तेला चिमटा काढणारा चावटपणा आणि असहायाला लज्जित करणारा चावटपणा यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे आहे.

या प्रश्नाला अर्थकारणाचीही बाजू आहे. ज्या द्व्यर्थी बोलीला फडावर नाके मुरडली गेली, तिच्याच बळावर १९७१ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने चित्रपटगृहे भरवली. आज मोबाइलच्या पडद्यावर असा मजकूर जाहिरातींचे उत्पन्न मिळवतो. खटला झाला तर मोठ्या निर्मात्यापाशी वकिलाची फी असते. एका रात्रीच्या बिदागीवर पोट भरणाऱ्या शाहिराला मात्र परवानगी नाकारली गेली की त्याचा हंगामच बुडतो. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सारखा पडत नाही.

नव्या माध्यमांसाठी नियम करण्याची भाषा आता सुरू झाली आहे. ते नियम करताना ‘ग्राम्य’ आणि ‘अश्लील’ यांतील मम्मटाचा भेद ध्यानी ठेवला, तर बरे. अन्यथा शिक्षा विनोदाला होणार नाही. ती होईल तो करणाऱ्याच्या गरिबीला.