भूकंपाआधी आमची क्वार्टर्स तपासा



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी जुन्या मंडळींना विसरता येणार नाही. अनंत चतुर्दशीचे गणपती बोळवून गावे झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे दगडामातीखाली गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींशी बांधून ठेवणारा आरपार दगड नाही, आणि वर उन्हापासून बचाव म्हणून घातलेला माळवदाचा जाड थर. धक्का बसताच भिंत मधून फुटली आणि सगळा भार झोपलेल्यांवर आला. भूकंप मोठा होताच, पण जगात याहून मोठे भूकंप होतात आणि तिथे इतकी माणसे मरत नाहीत. किल्लारीत माणसे घरांनी मारली.

हे आज उकरून काढण्याचे कारण आमच्या क्वार्टर्सशी आहे.

सरकारी नकाशात त्या वेळी किल्लारीचा भाग झोन १ मध्ये, म्हणजे सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून तिथे लहान धक्के जाणवत होते, लोक घाबरले होते, तरी कागदावर गाव सुरक्षितच राहिले. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनानगर पहाटेच हादरले आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. दख्खनचे पठार अचल आहे, अशीच तेव्हा समजूत होती. कोयनेनंतर १९७० मध्ये नकाशा बदलला. किल्लारीनंतर २००२ मध्ये तो पुन्हा बदलला आणि झोन १ रद्दच झाला. प्रत्येक वेळी आधी माणसे मेली, मग रंग बदलला.

बरे, नकाशा अचूक असला तरी काय? कच्छ कित्येक वर्षे सर्वात धोक्याच्या पट्ट्यातच दाखवलेला होता. तरी २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गुजरातमध्ये साडेतेरा हजारांवर लोक मेले. अंजारच्या अरुंद गल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली शाळकरी पोरे दोन्ही बाजूंच्या घरांखाली गाडली गेली. दोनशेहून अधिक किलोमीटर दूर अहमदाबादेत खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर मजल्यांवर मजले अशा इमारती बसल्या. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे घालून कल्याण-डोंबिवलीकडे असाच फ्लॅट घेतलेले आपले किती तरी साथी आहेत, त्यांनी हे वाचून ठेवावे.

आता रेल्वेवाल्यांनी अभिमानाने सांगावी आणि प्रशासनाला वारंवार ऐकवावी अशी एक गोष्ट. १९३१ साली बलुचिस्तानात माचजवळ मोठा भूकंप झाला. तेव्हा क्वेट्टा नॉर्थ वेस्टर्न रेल्वेच्या ताब्यातले महत्त्वाचे ठाणे होते. एस. एल. कुमार नावाच्या एका तरुण रेल्वे इंजिनिअरने तिथे भूकंपाचा हिसका सोसेल अशी रेल्वेची घरे बांधण्याचे गणित मांडले. बांधकाम एकसंध राहावे म्हणून त्यात लोखंडी रूळ वापरले. रूळ म्हणजे रेल्वेच्या घरचाच माल! १९३३ मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि सोबत देशाचा भूकंप-पट्ट्यांचा नकाशाही काढला. ३१ मे १९३५ च्या रात्री क्वेट्टा उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे मेली. कुमारांच्या पद्धतीने बांधलेली रेल्वेची घरे मात्र उभी राहिली. त्याच्या एकच वर्ष आधी, जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपात जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपची दैना झाली होती.

म्हणजे कामगाराचे घर भूकंपात उभे कसे ठेवायचे, ते या रेल्वेला ९० वर्षांपूर्वीच ठाऊक झाले होते. ‘तंत्रज्ञान उपलब्ध नाही’ हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही.

गेल्या पावसाळ्यात आम्ही एका रेल्वे कॉलनीत गेलो होतो. विटांची जुनी चाळवजा क्वार्टर्स. एका ट्रॅकमन साथीच्या घरात दाराच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी भेग, आणि तिच्यावर कॅलेंडर टांगलेले. तक्रार-वहीत तीनदा नोंद झाली होती आणि तिन्ही वेळा चुना मारून गेले होते. वहिनी म्हणाल्या, “रंग दिला की दिसत नाही भाऊ, पण बोट घातलं की जातं अजून आत.” भूकंप झाला तर पहिल्या तासात रूळ आणि पूल पाहायला याच साथीला जावे लागेल. तो त्या घरातून जिवंत बाहेर आला, तर.

टपालातली स्थिती निराळी, आणि एका अर्थाने अधिक अन्यायाची आहे. देशातली बहुसंख्य टपाल कार्यालये म्हणजे खेड्यातली ब्रँच ऑफिसे, आणि त्यांच्या जागेची सोय बहुधा ब्रँच पोस्टमास्तरानेच करायची. पुष्कळ ठिकाणी ते त्याचे राहते घरच असते. खाते त्या घरात येऊन शिल्लक मोजते, शिक्के पाहते, हिशेब तपासते. ज्या भिंतीखाली हा सगळा कारभार चालतो, ती भिंत कोणी तपासल्याचे आमच्या ऐकिवात नाही. घर पडले तर माणूसही गेला, ऑफिसही गेले आणि गावाची मनीऑर्डरही अडकली.

आणि बदल्या! गुवाहाटी, भूज, उत्तर बिहार या २००२ च्या नकाशातल्या झोन ५ च्या भागांत आपली मराठी माणसे बायको-पोरांसह नोकरी करून आली आहेत. ताबा-पावतीवर पंखे किती, नळ किती, खिडक्यांच्या काचा किती, सगळे लिहून घेतात. इमारत कोणत्या साली बांधली, तिला दारे-खिडक्यांच्या डोक्यावरून सलग काँक्रीटचा पट्टा आहे की नाही, हा रकाना आम्ही अजून कुठे पाहिलेला नाही.

हा पट्टा म्हणजे काही चैनीची वस्तू नव्हे. भिंती एकमेकींना धरून ठेवणारा तो पट्टाच. जुन्या घरांनाही बाहेरून जाळी व सिमेंटचा पट्टा चढवता येतो, दगडी भिंतीत आरपार दुवे घालता येतात, माळवदावरची माती कमी करता येते. किल्लारीनंतर पडझड झालेल्या भागात याच रीतीने घरे मजबूत करण्याचे काम हाती घेतले गेले. दुरुस्तीचे मानक भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्येच छापले आहे. पैसे नाहीत असे प्रशासन म्हणेल. स्टेशनांच्या दर्शनी भागाला निघतात, ते पैसे कुठून येतात?

तेव्हा शाखा सचिवांनी पुढच्या पी.एन.एम. पूर्वी आपल्या कॉलनीतल्या प्रत्येक क्वार्टरचे बांधकाम-साल, भिंत दगडाची की विटेची, सलग पट्टा आहे की नाही, भेगा कुठे आहेत आणि तक्रार-वहीतल्या नोंदींच्या तारखा, हे सारे लिहून कार्यालयाकडे पाठवावे. पट्टा ३ आहे म्हणून आपला भाग वगळू नये. तपासणीचा अहवाल युनियनला लेखी मिळावा, हा विषय आम्ही मांडणारच आहोत. टपालाच्या साथींनी भाड्याच्या इमारतींची यादी द्यावी, आणि ज्या ब्रँच पोस्टमास्तरांचे ऑफिस राहत्या घरात आहे, त्यांनी डोक्यावर किती माती आहे तेही मोजून कळवावे.